गव्हर्नरांची निवड, अमेरिकेच्या आरंभीच्या घटक राज्यांतील
ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या अमेरिकन वसाहतींनी १७७६ पासून आपापली संविधाने तयार केली, तेव्हा राज्याचा कार्यकारी प्रमुख कोणी निवडावा, हा प्रश्न निर्माण झाला. बहुतेक वसाहतींत गव्हर्नरची नेमणूक राजा किंवा वसाहतीचे सनदधारक मालक करीत. विधिमंडळाशी त्याचे वारंवार खटके उडत. त्यामुळे या पदाविषयीच लोकांत अविश्वास होता. कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड येथे मात्र गव्हर्नर सनदेनुसार पूर्वीपासूनच निवडला जाई.

या अविश्वासापोटी बहुतेक राज्यांनी निवड विधिमंडळाच्या हाती ठेवली. व्हर्जिनियात (१७७६) दोन्ही सदने एकत्रित मतदानाने एक वर्षासाठी गव्हर्नर निवडीत. लागोपाठ तीन वर्षांनंतर त्याला चार वर्षे अपात्र ठरविले जाई. पेनसिल्व्हेनियाने हे पदच रद्द करून बारा सदस्यांचे कार्यकारी मंडळ नेमले. अशा दुर्बल कार्यांगाचे परिणाम युद्धकाळात दिसून आले. टॉमस जेफर्सनची मुदत २ जून १७८१ रोजी संपली. दोनच दिवसांनी ब्रिटिश घोडदळाने शार्लट्सव्हिलवर छापा घातल्याने विधिमंडळाची पांगापांग झाली आणि टॉमस नेल्सनची निवड होईपर्यंत (१२ जून) ऐन आक्रमणात व्हर्जिनियाला निर्वाचित गव्हर्नर नव्हता.

न्यूयॉर्कने १७७७ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे शंभर पौंडांची जमीन असणारे मतदार तीन वर्षांसाठी गव्हर्नर निवडीत. अर्थात याला मर्यादित अर्थानेच लोकनिर्वाचन म्हणता येईल. जॉर्ज क्लिंटन १७७७ ते १७९५ असा सलग निवडून आला. परंतु १७९२ ची त्याची निवड वादग्रस्त ठरली. ओत्सेगोसह तीन परगण्यांची मते तांत्रिक कारणांवरून बाद करण्यात आली व जॉन जेचा १०८ मतांनी पराभव झाला. मतमोजणी समितीत क्लिंटनच्या समर्थकांचे बहुमत होते. मतदारांचा कौल मोजणाऱ्यांच्या हाती किती अवलंबून असतो, हे यावरून उघड झाले.

मॅसॅचूसेट्समध्ये (१७८०) दरवर्षी लोकनिर्वाचन होई. मात्र कोणासही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास कनिष्ठ सदन पहिल्या चौघांतून दोघांची नावे सुचवी व सिनेट त्यांतील एकास निवडी. १७८५ मध्ये जेम्स बोडिन याच पद्धतीने निवडला गेला. फिलाडेल्फिया येथील १७८७ च्या संविधान परिषदेत जेम्स विल्सनने राष्ट्राध्यक्षाच्या लोकनिर्वाचनाचा पुरस्कार करताना न्यूयॉर्क व मॅसॅचूसेट्स यांच्याच अनुभवाचा दाखला दिला होता. परंतु परिषदेने तो मार्ग पत्करला नाही.

पेनसिल्व्हेनियाने १७९० मध्ये लोकनिर्वाचित गव्हर्नरपद स्थापन केले. दक्षिणेत बदल उशिरा झाला : नॉर्थ कॅरोलायनात १८३५ च्या घटनादुरुस्तीने, व्हर्जिनियात १८५१ मध्ये, तर साउथ कॅरोलायनात यादवी युद्धातील पराभवानंतर, १८६५ मध्ये.