एका घनसेंटिमीटरला शंभर

१८९२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलरा पसरला आणि काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसं गेली. शेजारचं आल्टोना मात्र बऱ्यापैकी वाचलं. दोन्ही शहरं इतकी चिकटलेली की काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू हॅम्बुर्गची, दुसरी आल्टोनाची. माती तीच, हवा तीच, गरिबीही तीच. तरी कॉलरा रस्ता ओलांडत नव्हता.

गंमत म्हणजे आल्टोनाचं पाणी जास्त घाण होतं! ते एल्ब नदीतूनच यायचं, पण हॅम्बुर्गची गटारं मिसळल्यानंतरच्या टप्प्यातून. म्हणूनच तिथे १८५९ पासून ते वाळूतून गाळत. हॅम्बुर्ग वरच्या अंगाला, श्रीमंत आणि निर्धास्त. गाळण्याचा खर्च कोणी सोसायचा यावर तिथल्या घरमालकांच्या सभेत वर्षानुवर्षं वाद चालला. मंजुरी मिळाली, काम सुरू झालं, आणि ते पुरं व्हायच्या आत साथ आली. मला हे अज्ञानापेक्षा वाईट वाटतं.

रोग मातीतून बळावतो असं मानणारे म्युनिकचे पेटनकोफर यांनी त्याच ऑक्टोबरात कॉलऱ्याचे जंतू चक्क पिऊन दाखवले. पोट बिघडण्यावर निभावलं. त्या रस्त्याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा हिवाळा. १८९३ च्या सुरुवातीला आल्टोनातच कॉलरा दिसला. वाळूच्या वर साचणारा चिकट थर जंतू अडवतो. तो फार दाटला की खरवडावा लागतो. कडाक्याच्या थंडीत असं खरवडताना एका टाकीतली वाळू गोठली आणि ती टाकी नीट गाळेनाशी झाली. रॉबर्ट कॉख यांनी यावरून नियम सुचवला: गाळलेल्या पाण्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये शंभरापेक्षा जास्त जंतू निघाले, तर ते पाणी शहराकडे सोडायचं नाही. आणि मोजणी रोज, प्रत्येक टाकीची वेगवेगळी. कारण एका बिघडलेल्या टाकीचं पाणी बाकीच्यांत मिसळलं की एकूण आकडा छान दिसतो.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून एकदा पाण्याचा रिपोर्ट येतो. एका नमुन्याचा. सगळे अंगठे दाखवतात. मी विचारते, नमुना कुठल्या टाकीचा?

अजून कुणी सांगितलेलं नाही.