इंजिनाचे टायमिंग आणि इंधनमात्रा : ऑइल इंजिनापासून ड्रॅग शर्यतीपर्यंत एका कारागिरीचा इतिहास (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात कारखाने, उद्योजक आणि कामगार चळवळी यांची नोंद विपुल प्रमाणात झालेली आहे. कारखान्यातून बाहेर पडलेले यंत्र ज्यांनी पुढील वीस-तीस वर्षे चालते ठेवले, त्या मिस्त्री वर्गाच्या ज्ञानाची नोंद मात्र फारशी झालेली नाही. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी इंजिनाचा परिचय प्रथम शेतीच्या व नंतर दुचाकीच्या निमित्ताने झाला. प्रस्तुत लेखात इंजिनाचे टायमिंग व इंधनमात्रा जुळविण्याच्या कौशल्याचा मागोवा घेतला असून, ड्रॅग शर्यत या अलीकडील क्रीडाप्रकारात या कौशल्याला कोणते स्थान मिळाले याचा विचार केला आहे.

कौशल्याचे शास्त्रीय स्वरूप

पेट्रोल इंजिनात दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण पूर्ण जळण्यास काही काळ लागतो. मिनिटाला 6,000 फेरे घेणाऱ्या इंजिनात एका अंशाचे परिभ्रमण सेकंदाच्या 36,000 व्या भागात घडते. ठिणगी उशिरा पडली तर शक्ती वाया जाते. ती फार लवकर पडली तर मिश्रण अनियंत्रितपणे पेटून ठोके ऐकू येतात व दट्ट्याला इजा होते. इंधनमात्रेचेही असेच आहे. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे प्रमाण लागते. कमाल शक्तीसाठी मात्र मिश्रण याहून थोडे गडद, म्हणजे सुमारे 12.5 ते 13 भाग हवेला 1 भाग पेट्रोल असे ठेवावे लागते.

येथे हवामानाचा संबंध येतो. 15 अंश सेल्सियसच्या तुलनेत 40 अंशांची हवा सुमारे 8 टक्के विरळ असते. त्यामुळे हिवाळ्यातील पहाटे बरोबर बसलेला कार्ब्युरेटरचा जेट मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देतो. हे गणित न मांडताही अनुभवी मिस्त्री धुराचा रंग व प्लगचे टोक पाहून निदान करीत असत. तपकिरी टोक म्हणजे योग्य मिश्रण, काळे म्हणजे जास्त पेट्रोल आणि पांढरे म्हणजे कमी पेट्रोल, ही त्यांची परिभाषा होती.

ऑइल इंजिन ते स्कूटर

1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली आणि पुढील दशकांत विहिरीवरील मोटेची जागा डिझेल इंजिनाने घेण्यास चालना मिळाली. पाथरी परिसर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि 1960 साली महाराष्ट्राचा भाग झाला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे इंधन फवारण्याची वेळ हेच टायमिंग, आणि ते इंधनपंपाखालील पातळ पत्र्या कमी-जास्त करून साधले जाई. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हा धडा विहिरीच्या काठावरच मिळत होता.

दुसरा टप्पा दुचाकीचा. बजाज ऑटोचा चेतक 1972 साली आला. 1985 साली औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे कंपनीचा कारखाना सुरू झाला, आणि दुचाकी उद्योग मराठवाड्यात पोहोचला. त्या काळच्या स्कूटरमध्ये पॉइंटचे अंतर फिलर गेजने मिलिमीटरच्या अंशात बसविणे हे मिस्त्रीचे नित्याचे काम होते. टायमिंग ही हाताने फिरवता येणारी गोष्ट होती.

पाव मैलाची शर्यत

ड्रॅग शर्यतीत दोन वाहने स्थिर अवस्थेतून निघून सरळ रेषेत साधारणतः पाव मैल, म्हणजे 402 मीटर, अंतर कापतात. हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रुजला. 1950 साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या व 1951 साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात 2010 च्या दशकात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही स्पर्धा भरविली गेली.

या शर्यतीत इंधनबचत गौण ठरते आणि थ्रॉटल जवळजवळ सर्व वेळ पूर्ण उघडे असते. म्हणून कार्ब्युरेटरच्या इंजिनात मुख्य जेटचा आकार निर्णायक होतो. ट्युनर प्रथम मिश्रण किंचित गडद ठेवतो, टायमिंग टप्प्याटप्प्याने पुढे घेतो आणि ठोक्याची चाहूल लागताच थोडे मागे आणतो. धाव संपताच इंजिन बंद करून प्लग तपासला जातो. मिश्रण फार फिके राहिल्यास, विशेषतः दोन-स्ट्रोक इंजिनात, दट्ट्या जाम होऊन इंजिन निकामी होते. स्कूटरच्या मिस्त्रीची परिभाषाच येथे सेकंदाच्या अंशात मोजली जाते.

बंद पेटी आणि कायदा

2001 साली आलेल्या पल्सर मोटारसायकलला 2003 मध्ये दोन प्लगची ‘डीटीएस-आय’ प्रणाली मिळाली. तिच्यात टायमिंग चिपद्वारे ठरू लागले. 2007 मध्ये पल्सर 220 ला इंधन इंजेक्शन आले, 2009 च्या आवृत्तीत पुन्हा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. हा बदल एका रेषेत झालेला नाही, हे यावरून दिसते. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. टायमिंग व इंधनमात्रा आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातील कोष्टकात असतात, व ती बदलण्यास संगणक लागतो.

कायद्याची चौकटही महत्त्वाची आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याच्या दंडाची कमाल मर्यादा 500 रुपयांवरून 5,000 रुपये झाली. कलम 52 वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते. हे निर्बंध जीवितरक्षणासाठी आवश्यकच आहेत. परंतु त्यामुळे वैध धावपट्टी परवडणारा महानगरी स्पर्धक आणि तालुक्याच्या गावचा कुशल मिस्त्री यांतील अंतर वाढते, हेही नोंदविले पाहिजे.

निष्कर्ष

1. ड्रॅग शर्यतीतील ट्युनिंग परदेशी प्रेरणेचे असले, तरी तिला लागणारी मूलभूत जाण ऑइल इंजिन व स्कूटरच्या दुरुस्तीतून महाराष्ट्रात आधीच रुजलेली होती.

2. टायमिंग ठरविण्याचा अधिकार मिस्त्रीच्या हातून उत्पादकाच्या चिपकडे गेला. प्रदूषण कमी होण्यास याची मदत झाली. त्याच वेळी स्थानिक कारागिराचे स्वातंत्र्य संकोचले.

3. हे ज्ञान मौखिक असल्याने ते जाणणाऱ्या पिढीबरोबरच नष्ट होण्याचा धोका आहे. ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जुन्या मिस्त्रींच्या मुलाखती, त्यांची परिभाषा व अवजारे यांचे संकलन प्रकल्पकार्य म्हणून हाती घेतल्यास प्रादेशिक इतिहासातील ही उणीव भरून निघू शकेल.