हुंडीची वाक्यरचना आणि खेळांतील नाण्यांचा व्यवहार

बदलापूर या नावाची व्युत्पत्ती घोडे बदलण्याच्या मुक्कामाशी जोडण्याची लोकरूढी आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीस ती उतरो वा न उतरो, अदलाबदलीची आठवण या परिसराने नावातच जपली आहे, हे तीवरून दिसते. शेजारच्या अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे ज्यांच्या लेखांत द्रम्म या नाण्याचा उल्लेख येतो त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळचे. उल्हासनगर मात्र अलीकडचे. महायुद्धकालीन लष्करी छावणीत सिंधचे निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नगराची कोनशिला बसली.

घरे व दुकाने मागे राहिली. परंतु सिंधी व्यापाराचा एक जुना परिपाठ फाळणीनंतरही तुटला नाही, तो हुंडीचा. शिकारपूरचे सराफ, ज्यांना मुंबईच्या बाजारात ‘मुलतानी’ म्हणत, ते पुढेही हुंडीवर कर्ज देत राहिले. आज याच नगरांतील मुले भ्रमणध्वनीवरील खेळांतली नाणी रुपये देऊन परस्परांकडून घेतात, आणि प्रसंगी फसतात. दोन्ही व्यवहारांत हाती येतो तो केवळ आकडा. त्या आकड्याचे रक्षण हुंडीने कसे केले, हे पाहण्यासारखे आहे.

हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. हजार रुपयांची हुंडी असेल तर अंकी १०००, अक्षरी एक हजार, आणि पुढे ‘निमे रुपये पाचशे, यांचे दुप्पट पुरे’ अशा आशयाचे शब्द येत. कोणी अंकापुढे शून्य वाढवले, तरी ‘पाचशे’ आणि ‘दुप्पट’ हे दोन शब्द त्याला खोटे पाडत. साहित्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष. हुंडीत तो पहारा होता. त्याची गरजही होती, कारण सिंधी व्यापाऱ्यांची हटवाणिका लिपी बहुधा स्वरचिन्हांवाचून लिहिली जाई. उत्तरेकडील महाजनी लिपीचीही तीच गत. ‘काकाजी अजमेर गये’ हा मजकूर ‘काकाजी आज मर गये’ असा वाचला जाऊन घरात रडारड झाल्याचा विनोद सर्वश्रुत आहे. १८६८ मध्ये मुंबई सरकारने नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडून खुदाबादी लिपीला स्वरचिन्हांची जोड देवविली. तथापि पेढीवरच्या लेखणीला शाळेची लिपी फारशी रुचली नाही.

याहून महत्त्वाचा शब्द ‘शहाजोग’. अशा हुंडीचे पैसे बाजारात प्रतिष्ठा असलेल्या ‘शहा’लाच द्यावयाचे. पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर पैसे घेणारा शहा ते परत करण्यास बांधलेला असे. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’, तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून मिळे. फेडलेली हुंडी ‘खोखा’ म्हणून जपून ठेवीत. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही पहिल्याच कलमात देशी भाषांतील हुंड्यांच्या रूढी अबाधित ठेवल्या.

खेळांच्या रचनाकारांना यांतील पहिला उपाय सुचलेला दिसतो. ‘रूनस्केप’ या खेळात अदलाबदलीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या वस्तू दुसऱ्या पटावर पुन्हा दाखवून दुसऱ्यांदा संमती घेतात. ऐनवेळी वस्तू काढून घेण्याची लबाडी त्यामुळे उघडी पडते. परंतु रुपये त्या पटावर येतच नाहीत. ते खेळाबाहेर यूपीआयने जातात. पैसे पोचताच नाणी देणारा नाहीसा होतो. मध्यस्थ म्हणून आलेला त्याचाच साथीदार निघतो. पैसे भरल्याचे म्हणून धाडलेले चित्र बनावट असते, म्हणजे कधी न फिटलेल्या हुंडीचा खोखाच तो. नाणी विकणाऱ्या मुलाला तर ‘पैसे मिळण्यासाठी’ क्यूआर कोड टिपून पिन घालावयास सांगतात. हा घात भाषेतूनच होतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. फसवणारा देण्याला घेणे हे नाव देतो.

या व्यवहारात शहा कोण, याचे उत्तर मिळत नाही. बहुतेक खेळांच्या अटींत खेळाडूंनी परस्परांत रुपयांनी नाणी विकणे निषिद्ध असल्याने कंपनीकडे दाद मागणाऱ्याचे खातेच बंद होण्याचा संभव असतो. शहाच्या जागी बसू शकेल असा विक्रेता एकच उरतो, तो खेळातील अधिकृत दुकान. आणि ते दुकान खात्याचा परवलीचा शब्द वा ओटीपी संदेशातून मागत नाही. रुपये गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी अडवली जाण्याची शक्यता असते. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी असावी लागते.