मुरळी, नवस आणि कायदा

हडपसरास दोन वाटा फुटतात. आषाढी वारींत तुकोबांची पालखी येथून लोणी काळभोराकडे वळते, आणि ज्ञानोबांची दिवेघाट चढून सासवडास व पुढें जेजुरीस जाते. ह्याच जेजुरीस एके काळीं नवसाच्या मुलीही नेल्या जात, ही गोष्ट वारीच्या आनंदांत आम्हांस सहसा आठवत नाहीं.

मूल व्हावें वा जगावें म्हणून आईबापांनीं खंडोबास नवस बोलावा, मुलगी देवास वाहावी, भंडारा उधळून तिचें देवाशीं लग्न लावावें आणि तिच्या गळ्यांत कवड्यांची माळ बांधावी, अशी ही चाल होती. मुरळी झाल्यावर तिला मनुष्याशीं विवाह वर्ज्य. जागरणांत तिच्या गाण्यास मान असे. परंतु नवरा, संसार, लेकरांस बापाचें नांव, ह्यांपैकीं कांहींच तिच्या वाट्यास येत नसे.

१८६० च्या दंडसंहितेनें अल्पवयीन मुलीस वेश्याव्यवसायासाठीं देणें-घेणें हा गुन्हा ठरविला खरा. पण तेथें तसा हेतु सिद्ध करावा लागे, आणि नवस करणारा धर्माकडे बोट दाखवी.

ज्यांच्या लेकी वाहिल्या जात त्यांच्यांतूनच पुण्यांत ह्या चालीविरुद्ध आवाज उठला. शिवराम जानबा कांबळे यांनीं १९०८ सालीं 'सोमवंशीय मित्र' काढला व त्यांतून ह्या रूढीवर प्रहार केले. १९०९ सालीं शिवूबाई नांवाच्या एका मुरळीनें त्याच पत्रांत आपली दुःस्थिति स्वतः मांडली. पुढें कांबळे यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनीं तिच्याशीं विवाह केला.

त्या पत्रानंतर पंचवीस वर्षांनीं, १९३४ सालीं, मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा झाला. त्यानें मुलगी वाहणें बेकायदा ठरविलें. परंतु आमच्या मतें त्यांतील अधिक मोलाची तरतूद ही, कीं वाहिलेल्या स्त्रीचा विवाह वैध आणि तिची त्या विवाहाची संतति औरस. शिवूबाईनें जें जगून दाखविलें होतें, तेंच कायद्यानें मागाहून लिहून घेतलें.

महाराष्ट्र राज्यास ह्याच प्रथेच्या निर्मूलनार्थ २००५ चा नवा अधिनियम करावा लागला, ह्यावरून केवळ निषेधानें रूढि मरत नाहीं हें उघड आहे. जागरणास बोलावून मुरळीस बिदागी देणारीं घरें पुष्कळ होतीं. तिला सून म्हणून माप ओलांडूं देणारीं किती, हा प्रश्न प्रत्येक घरानें आपल्यापुरता विचारावा.