रुमालाखालचा भाव



"लास्ट किती?" जुन्या वस्तूंचं ॲप असो की हापूसवाल्याचा व्हॉट्सॲप नंबर, हल्लीची घासाघीस याच दोन शब्दांनी सुरू होते. समोरचा आकडा टाकतो, आपण आकडा टाकतो, आणि तिसऱ्या कुणाला काही कळत नाही. हे नवं वाटतं, पण नवं नाही.

इटालियन प्रवासी लुदोविको दि वार्थेमा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या चौलला येऊन गेला. त्याचं पुस्तक १५१० मध्ये रोमला छापलं गेलं. चौलनंतर पुढे कालिकतला पाहिलेला सौदा त्याने त्यात लिहून ठेवला आहे. दलाल विकणाऱ्याचा हात फडक्याखाली धरतो, बोटांना स्पर्श करून आकडा विचारतो, मग तसाच घेणाऱ्याकडे वळतो. तोंडातून अवाक्षर नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये तर हिऱ्यांच्या बाजारातला हिशोबच देतो: अख्खा हात म्हणजे हजार, एक बोट शंभर, अर्धं बोट पन्नास, टोकाचं पेर दहा. भरल्या बैठकीत एकच पुडी सात-आठ वेळा विकली जाई आणि शेजारच्याला भाव कळत नसे.

हिऱ्याच्या व्यापारात दोन्ही हात तरबेज होते. शेतमालात तसं नव्हतं. तिथे रुमालाखाली हात असत दलालाचे आणि खरेदीदाराचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा. त्याला शेवटचा आकडा तेवढा कळायचा. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा आला, पुढे १९६३ मध्ये महाराष्ट्राचा. उघड लिलाव हा नियम झाला. तरीही वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांचे सौदे रुमालाखाली होताना लोकांनी अगदी अलीकडेही पाहिले आहेत. सवय कायद्याहून चिवट!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी पेट्या थेट सोसायट्यांमध्ये पोचवल्या. दलाल मधून गेला, बागायतदाराचा स्वतःचा हात रुमालाखाली आला, ही चांगलीच गोष्ट. पण रुमाल राहिलाच. गेल्या मोसमात आमच्या आळीतल्या दोन घरांनी एकाच वाडीतून, एकाच दिवशी, सारख्याच पेट्या मागवल्या. बोलक्या सुनेला स्वस्त पडली, भिडस्त आजींना महाग.

मग घासाघीस करूच नये का? इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाने सतराव्या शतकात तसंच ठरवलं होतं. जेवढ्याला द्यायचं त्याहून जास्त सांगणं म्हणजे खोटं बोलणं, म्हणून भाव एकच. आपल्याकडे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. चोरीचा माल घेणं त्यात आहे, खोटी वजनमापं आहेत, हलका माल भारी म्हणून खपवणं आहे. घासाघीस नाही. मला ही विभागणी व्यवहारी वाटते. भावावर दोघांनी हवं तितकं बोलावं, पण माल आणि माप याबद्दल खोटं चालणार नाही.

फोनवर हे फारच लागू पडतं. बिल नसलेला, अर्ध्याहून कमी किमतीचा मोबाईल दिसला की मी भाव विचारतच नाही, आधी बिल मागते. आंब्याचं म्हणाल तर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बाहेरचा आंबा त्या नावाने स्वस्तात मिळाला तर ती घासाघीस जिंकणं नव्हे. पेटी किती डझनाची, फळ किती ग्रॅमचं, आढीत पिकवलंय की बंदी असलेल्या कार्बाइडने, हे आधी. "लास्ट किती" नंतर.

मार्चमध्ये मी भाव पाडायला जात नाही, तेव्हा फळच थोडं असतं. मेच्या मध्यावर भाव आपोआप उतरतो. आमच्याकडे आर्द्रा नक्षत्र लागलं की आंबा बंद, पण तोवर हापूस संपलेलाच असतो. बागायतदाराला मी सरळ विचारते, "दादा, वाशीला आज काय मिळतंय?" तो सांगतो, त्यावर वाहतूक धरून आमचं जुळतं. आणि जुळलेला भाव मी आळीच्या ग्रुपवर टाकते, त्याला आधी सांगून. आजींनीही आता तिथे बघून पेटी मागवली.