बंदर हरवलेलें नगर

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर कुशादासी येथें आगबोट लागली, कीं बहुतेक उतारू गांव मागें टाकून दहा-बारा मैलांवरील इफिससचे अवशेष पाहावयास निघतात. हें इफिसस एके काळीं स्वतःच भरभराटीचें बंदर होतें. केस्टर नदीच्या गाळानें तें बुजत गेलें. नीरोच्या अमदानींत गाळ उपसला गेला, हेड्रिअननें नदीचा प्रवाहच वळविला. पण नदी बादशहांची आज्ञा कोठून मानणार? आज समुद्र तेथून तीनेक मैल दूर आहे. नाट्यगृहापासून निघणारा संगमरवरी बंदरमार्ग अजून दिसतो, आणि तो लव्हाळ्यांच्या दलदलीशीं संपतो. पुढें जहाजें कुशादासीस लागूं लागलीं. इटालियन दर्यावर्दी त्यास ‘नवा धक्का’ म्हणत. १६१८ च्या सुमारास ओकुझ मेहमद पाशानें बांधलेली तेथील तटबंद सराई बंदरालगत अद्याप उभी आहे. व्यापाऱ्यांचे तांडे तींत मालासह मुक्काम करीत.