चेतक बाबांची, स्प्लेंडर दादाची आणि बटनस्टार्ट आपली

मंडळी, कॅरीत चार मराठी बाबा जमले आणि जुन्या गाड्यांचा विषय निघाला की तो यामाहा आरएक्स हंड्रेडवर सुरू होतो आणि तिच्या आवाजावरच संपतो. मध्ये कोणीतरी १९९९ च्या सीबीझेडबद्दल उसासा टाकतो. आपण बायका तिथेच पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभ्या. जणू त्या काळात आपण सगळीकडे चालतच जायचो! म्हणून हा मोठा लेख. हिशेबाचं माणूस आहे, त्यामुळे साल आणि आकडे येणारच.

आधी बाबांची चेतक. बजाजने १९६० च्या सुमारास इटलीच्या पियाज्योशी करार करून व्हेस्पा बनवायला घेतली. करार १९७१ साली संपला आणि १९७२ पासून तीच घडण चेतक नावाने आकुर्डीहून येऊ लागली. परवान्यात लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त गाड्या काढायला कारखान्यांना बंदी, त्यामुळे नंबर लावून लोक दहा-दहा वर्षं थांबायचे. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये पैसे भरले तर नंबर लवकर लागायचा. म्हणजे 'अमेरिकेतला काका' ही भानगड आपल्या आधीपासूनची आहे. गाडी हातात आली की पुढे उभं एक मूल, मागे आई, तिच्या मांडीवर दुसरं, आणि एखाद्या दिवशी गॅसचं सिलेंडरसुद्धा. सकाळी डावीकडे तिरकी करायची, मग किक.

दादाची गोष्ट पेट्रोलच्या खर्चाची. हिरो होंडाची सीडी हंड्रेड १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि ॲव्हरेज चेतकच्या कितीतरी वर. पगारदार माणसाने दर किलोमीटरचा खर्च काढला की निकाल स्पष्ट होता. १९९८-९९ च्या सुमारास देशात मोटरसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला. २००१ पर्यंत हिरो होंडा संख्येने जगातली सगळ्यात मोठी दुचाकी कंपनी झाली आणि त्याच वर्षी बजाजने पल्सर आणली. या काळाबद्दल कुठेही वाचलं तर बहुतेक एवढंच सांगतात: स्कूटर गेली, बाईक आली.

पण मी आर्टिकलशिप करत होते तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर काय दिसायचं ते आठवा. स्कार्फ, सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, आणि खाली स्कूटी, सनी नाहीतर कायनेटिक होंडा.

फिरोदियांनी होंडाबरोबर ही कंपनी १९८४ साली काढली. गिअर नाही, क्लच नाही, बटन दाबलं की गाडी चालू. आत एक पट्टा आणि दोन पुल्या. वेग वाढला की पुल्यांचा घेर आपोआप बदलतो, म्हणजे गिअर टाकायचं काम गाडीच करते. चेतकला डाव्या मुठीत क्लच दाबून तीच मूठ फिरवून गिअर टाकायचा, आणि किक मारायला पाय मोकळा हवा. साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये भर चौकात गाडी बंद पडली की मदतीला चार पुरुष आणि सल्ला द्यायला चाळीस. कायनेटिक होंडाने ते सगळं एका बटनात संपवलं. महाग होती आणि पेट्रोलही जास्त प्यायची. पण तिच्या ॲव्हरेजची चेष्टा करणाऱ्यांनी हिशेबात एक रकाना धरलाच नव्हता.

तो रकाना सांगते. क्लायंट भोसरी एमआयडीसीत. सदाशिव पेठेतून आधी पीएमटी, मग पीसीएमटी, मग चालत. ३१ मार्चला स्टॉक मोजायला सकाळी सातला हजर राहायचं आणि परत कधी येणार ते गोदामातल्या मालावर. गाडी नसलेल्या मुलींना जवळच्या बँक शाखा मिळायच्या, कारखान्यांचं ऑडिट मुलांना. कोणी वाईट हेतूने करत नव्हतं, 'मुलगी आहे, कशी जाईल' एवढंच. ज्या मुलीकडे गाडी होती तिच्याबाबतीत हा प्रश्नच उरायचा नाही. कॉस्टिंग, इन्व्हेंटरी, शॉप फ्लोअर ती तिथे जाऊन शिकली. पुढे मुलाखतीत कामाला आलं ते हेच.

शिवाय कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळाव्या वर्षी लहान गाडीचं लायसन्स मिळायची सोय आहे, आणि १९९४ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी ५० सीसीची मर्यादा. बजाजची सनी बरोबर त्यात बसायची. अकरावी-बारावीच्या क्लासेसना कितीतरी मुली अशाच गेल्या.

पुढे १९९८ साली होंडा कायनेटिकमधून बाहेर पडली, १९९९ साली तिने स्वतःची कंपनी काढली आणि २००१ साली ॲक्टिव्हा आणली. बजाजने २००९ साली स्कूटरमधून पूर्ण बाहेर पडायचं ठरवलं. काही वर्षांतच ॲक्टिव्हाने खपात स्प्लेंडरलाही मागे टाकलं. 'स्कूटर मेली' म्हणणाऱ्यांनी निम्मं गिऱ्हाईक मोजलंच नव्हतं! चेतक २०२० साली परत आली, ती इलेक्ट्रिक आणि अर्थात बिनगिअरची.

मुलांना सांगताना हेही सांगा की डोक्याला स्कार्फ होता, हेल्मेट नव्हतं, आणि हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्याने मोर्चे काढले. टू-स्ट्रोकचा निळा धूर आपण सिग्नलवर रोज गिळला. त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

नॉर्थ कॅरोलायनात सोळा वर्षांच्या मुलाला मोपेड चालवायला लायसन्स लागत नाही, हेल्मेट मात्र लागतं. म्हणजे कागदावर आपली लूना इथेही आहे. पण पंचेचाळीस मैलांच्या रस्त्यावर, एसयूव्हींच्या मधून, आपण कोणी पोरांना ती देणार नाही, मीही नाही. त्यामुळे इथे सोळा होईपर्यंत क्लास, मैत्रिणी, उन्हाळ्यातली नोकरी, सगळं आईबाबांच्या कॅलेंडरवर. माझी लेक लर्नर्स परमिट घेऊन आली त्या दिवशी तिने विचारलं, "आजीने तुला एकटीला एवढ्या लांब सोडलं कसं?" मी आईलाच फोन लावून दिला.

आई म्हणाली, "सोडलं कुठे? फाटक वाजेपर्यंत गॅलरीत उभी असायचे."

तुमच्या घरात मुलीच्या नावावर पहिली गाडी कोणती आली, कोणत्या साली, आणि पैसे कोणी भरले? खाली लिहा. बाबा लोकांनी आरएक्स हंड्रेडसाठी वेगळी पोस्ट काढावी.